आठ मात्रांची जागा

जागेश्वरभाऊंच्या गाण्यांवर माझं नाव कुठंच नसतं. कॅसेटच्या जमान्यात कव्हरवर छापलेलं असायचं, 'गीत, संगीत, निर्मिती : जागेश्वर धकाते', आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात 'आणि साथी'. त्या 'आणि साथी'तली मी, पुष्पलता. दिवसा ब्लाउज शिवते आणि गेली अठ्ठावीस वर्षं या माणसाच्या मागे कोरस गाते. पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी भांडतेही आहे. म्हणून मी पुढं जे सांगणार आहे त्यात खुशामत नाही, एवढं धरून चालावं.

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत त्यांचं घर. वडील कोष्टी, मागावर लुगडी विणायचे. जागेश्वरभाऊंनीही विशीपर्यंत तेच केलं. माग मोडला, लाकूड गेलं, पण विणणारा ज्यात पाय सोडून बसायचा तो जमिनीतला खड्डा तेवढा राहिला. दुसरा कोणी असता तर बुजवून वर फरशी लावली असती. यांनी त्या खोलीचा स्टुडिओ केला. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या, खड्ड्यासमोर माइक उभा केला, आणि गाणाऱ्यानं खड्ड्यात पाय सोडूनच बसायचं असा नियम केला. "पाय लटकले का माणूस पायानं ताल ठोकत नाही, अन् आवाज पोटातून येते," असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पदराआड हसले होते. आज मला खुर्चीवर बसून गायला सांगितलं तर माझा सूर लागत नाही.

ते संगीत कुठं शिकले? कुठंच नाही. भजनी मंडळात पेटी धरली, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, आणि एक दिवस स्वतःच लिहिलेली आठ गाणी घेऊन इतवारीतल्या एका कॅसेटवाल्याकडं गेले. मालकानं विचारलं, गीतकार कोण? हे म्हणाले, मीच. संगीतकार? मीच. मालक म्हणाला, मग खरेदीही तूच कर! त्यांनी तेही केलं. सायकलला पिशवी अडकवून उमरेडपासून काटोलपर्यंतच्या बाजारात स्वतःच्या कॅसेटी स्वतः विकल्या. मग एका वर्षी पोळ्याच्या पाडव्याला निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत त्यांचं एक गाणं असं काही वाजलं की इतवारीतला तोच मालक दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन दारात उभा. त्यानंतरची सात-आठ वर्षं आमची चंगळ होती. आठवड्याला दोन रेकॉर्डिंगं. मला तर आपण मोठ्या गायिका झालो असंच वाटायला लागलं होतं.

पुढं कॅसेट मेली. लोक मोबाइलमध्ये फुकट गाणी भरून घेऊ लागले आणि जागेश्वरभाऊ महाल भागातल्या एका साडीच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडू लागले. नऊ वर्षं! मी एकदा तिथं गेले तेव्हा मला पाहून त्यांनी मान खाली घातली, आणि मला इतकं वाईट वाटलं की घ्यायची नसलेली साडी घेऊन घरी आले. संगीतकार जागेश्वर धकाते संपले असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. खोटं कशाला सांगू, मीही ठरवलं होतं.

त्यांना परत आणलं ते त्यांच्या मुलीनं. मयुरीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं बापासमोर कॉम्प्युटर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, माह्या हळदीचं गाणं तुम्ही करा. सगळ्या नातेवाइकांची नावं घालून, जुन्या बाया म्हणत होत्या तसं." आमच्याकडे हळदीला बाया गाणं म्हणतात त्यात घरच्यांची नावं गुंफतात, काका, आत्या, मामा, मावशी, मानाप्रमाणे. ते गुंफणाऱ्या बाया आता राहिल्या नाहीत. जागेश्वरभाऊंनी ते गाणं केलं, मांडवात वाजलं, आणि वाजता वाजताच चार जणांनी त्यांचा नंबर घेतला. साडीचं दुकान सुटलं. आज लग्नसराईत त्यांना जेवायला फुरसत नसते. परदेशात असलेल्या पोरीसुद्धा त्यांच्याकडून हळदीचं गाणं मागवून घेतात.

काम करायची त्यांची रीत मात्र विणकराची. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवताना जुना पूर्ण कापून टाकायचा नसतो, हातभर मागावर राहू द्यायचा असतो आणि नव्याचा एकेक धागा त्याला पिळून जोडायचा असतो, हे ते बापाकडून शिकले. गाण्यातही तेच. त्या घरातल्या हळदीच्या जुन्या गाण्याची एक तरी ओळ, तिच्या चालीसकट, हाती लागल्याशिवाय ते पेटीला हात लावत नाहीत. मी म्हणायची, "भाऊ, कोणाले समजते? एकच चाल सगळ्याईले लावून द्या." ते म्हणायचे, "त्याईच्या घरातल्या बाईले समजते नं वं." आणि मी पाहिलंय, समजतं. मांडवात ती ओळ लागली की कोणीतरी एक बाई कामातून मान वर करतेच.

तर मागच्या उन्हाळ्यात खापरखेड्याहून गोपिकाबाई आल्या. पंचावन्नच्या आसपास वय, नवरा तिथल्या वीज केंद्रात नोकरीला, धाकटी मुलगी मिनल हिचं लग्न. नावांची यादी आणली होती. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि यादी न देताच रडू लागल्या.

त्यांचा एकुलता एक भाऊ, रुपराव. नऊ वर्षांपूर्वी गोपिकाबाईंच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा पत्रिकेतून मामाचंच नाव सुटलं. यादी दोन कागदांवर लिहिली होती, सासरची माणसं पहिल्या कागदावर, माहेरची दुसऱ्यावर, आणि छापखान्यात गेला तो फक्त पहिला. पत्रिका वाटल्यावर ध्यानात आलं. मग यांनी काय केलं, तर एका पत्रिकेवर निळ्या पेनानं मामाचं नाव लिहून ती भावाला नेऊन दिली. याच्याइतकी मोठी चूक आमच्या भागात दुसरी नसेल. नाव सुटलं तर माणूस रुसतो, आणि रुसलेला समजूत घातली की येतो. पण मागून हातानं घातलेलं नाव! रुपराव लग्नाला आले नाहीत आणि त्यानंतर बहिणीच्या दारातही आले नाहीत. दोघांची आई त्याच काळात गेली, तेव्हाही ते तेराव्याला समोरासमोर जेवले आणि बोलले नाहीत.

"पोरीले बोहल्यावर कोण आणन, भाऊ?" गोपिकाबाई म्हणाल्या. "मामाच्याच हातानं येते ना पोरगी? पत्रिका पाठवली, फोन केले. माही मिनल म्हणते, मामा नाही तर मी कोणाचाच हात धरत नाही, एकटी चालत येतो. तुम्ही गाण्यात त्याचं नाव सगळ्यात पहिले घाला. तीनदा घाला. त्याले पाठवू. ऐकून तरी यील."

जागेश्वरभाऊंनी होकाराची मान हलवून यादी घेतली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. घरातली जुनी ओळ कोणती? गोपिकाबाईंनी डोळे पुसून म्हटली. आईची ओळ होती. 'दळता दळता हळद बाई, पिवळं झालं अंगण'. पुढची ओळ त्यांना आठवेना.

"कोणाले आठवन?"

"रुपरावले. तो लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून तेच ऐकत राहे."

दुसऱ्या दिवशी जागेश्वरभाऊ आणि मी शहराबाहेर वाडीला गेलो. रुपराव तिथं धरमकाट्यावर बसतात. अमरावती रोडला लागून, आजूबाजूला गोदामं, आणि समोर ट्रकची ही मोठी रांग. ट्रक काट्यावर चढायचा, रुपराव खिडकीतून वजनाची चिठ्ठी द्यायचे, पुढचा यायचा. साठीचा सडपातळ माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. चहा मागवला, पण आम्ही कशासाठी आलो ते ऐकल्यावर त्यांचा चेहरा एकदम कठोर झाला.

"मले काही आठवत नाही, धकातेजी. अन् आठवलं तरी मी त्या घरासाठी गाणं काहून सांगू?"

मी उठायला लागले. जागेश्वरभाऊ मात्र आरामात चहा पीत राहिले. कप खाली ठेवून आपल्याशीच गुणगुणावं तसं त्यांनी ती पहिली ओळ म्हटली. आणि चुकीची म्हटली! 'अंगण'वर सूर खाली यायला हवा, यांनी वर नेला. मी चमकून पाहिलं. हा माणूस चाल विसरणाऱ्यांतला नाही. त्यांनी पुन्हा म्हटली, पुन्हा चुकीची. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवून राहिले होते. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं तसे रुपराव चिडून म्हणाले, "काय लावलं हे? असं नाही ते. मायची ओळ आहे, नास नोका करू तिचा."

आणि त्यांनी ती बरोबर म्हणून दाखवली. एकदा सुरू झाल्यावर माणूस थांबतो कुठं? दुसरी ओळही आली. 'उंबऱ्यावर उभी राहून पाहते, आलं कोण'. खणखणीत आवाज नव्हता, पण 'कोण'वर सूर असा काही लांबला की खिडकीशी हात पुढं करून उभा असलेला ड्रायव्हर चिठ्ठी मागायची विसरला. माझ्या अंगावर काटा आला. रुपरावांच्या आवाजानं तर आलाच, पण त्याहून जास्त बाजूला मुकाट्यानं बसलेल्या त्या साध्या माणसामुळं. ज्यानं साठ वर्षांत कुठल्या गुरूचा गंडा बांधला नाही, त्याला कुलूप कुठं आहे आणि किल्ली कुठं हे कसं कळलं असेल?

निघताना रुपरावांनी हात जोडले. "एक सांगून ठेवतो. त्या गाण्यात माहं नाव घालायचं नाही. पेनानं घातलं होतं, आता गाण्यानं घालून राहिले का? मले चालणार नाही."

"नाही घालत," जागेश्वरभाऊ म्हणाले. "शब्द देतो."

रिक्षात बसल्यापासून मी त्यांना फैलावर घेतलं. तिकडं बहीण म्हणते तीनदा घाला, इकडं भाऊ म्हणतो घालू नका, आणि तुम्ही दोघांनाही होकार देऊन बसलात! दोन डगरींवर पाय. ते रविनगर येईपर्यंत मांडीवर बोटानं केरव्याचा ठेका वाजवत राहिले, तेवढंच.

चार दिवसांनी रेकॉर्डिंग झालं. मी खड्ड्यात पाय सोडून बसले, कागद हातात घेतला. गाणं इतकं सुंदर उतरलं होतं की वाचतानाच मला हुंदका आला. आईच्या त्या दोन ओळी धृपद. मग प्रत्येक कडव्यात आलेल्यांची नावं, आत्या आली, काका आले, मावशी उखाणा घेत आली, शेजारच्या बाया आल्या. एकूण एकेचाळीस नावं आणि एकही कोंबलेलं वाटू नये. कडव्याच्या शेवटी कोरस पुन्हा विचारतो, 'पाहते, आलं कोण?' आणि त्याच्यापुढं कागदावर काहीच नव्हतं. मी गाऊन थांबले. हेडफोनमध्ये आठ मात्रा नुसती ढोलकी वाजली. मग पुढचं कडवं सुरू झालं. तिन्ही कडव्यांना तसंच.

"भाऊ, इथं शब्द राह्यले."

"नाही राह्यले. ती जागा आहे."

"कोणाची?"

"ज्याचं नाव घालायचं नाही त्याची."

मी कागद आपटला. एवढं मोठं धाडस करायची ही वेळ होती का? मांडवात सगळं गणगोत बसलेलं असणार, एकेचाळीस नावं ऐकणार, आणि मामाच्या जागी नुसती ढोलकी. लोक म्हणतील, पुन्हा मामाला विसरले. त्या बाईचं काळीज तिथंच फाटेल. आणि यांचं नाव? ज्या धंद्यात एक आत्या सुटली तर फोनवर शिव्या पडतात, तिथं हे जाणूनबुजून मामा सोडून राहिले होते. साडीच्या दुकानातली खाली घातलेली मान मला आठवली. मी जवळजवळ हात जोडून म्हटलं, "एक नाव टाका ना बाप्पा. त्याले कोण सांगते?"

"मी शब्द देला वं, पुष्पा." मग आपटलेला कागद उचलून देत म्हणाले, "अन् नाव आपण घातलं तर तो गाण्यात यील. मांडवात नाही यायचा."

गाणं तयार झालं तसं त्यांनी ते रुपरावांना मोबाइलवर पाठवलं. सोबत बोलून पाठवलं, "भाऊ, तुमचं नाव घातलं नाही. जागा खाली आहे. खापरखेडा, शुक्रवार, चार वाजता." ऐकल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी सकाळीही नाही. गोपिकाबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्यांना यांनी एवढंच सांगितलं होतं की गाणं थेट मांडवातच ऐका. ही गोष्ट मला अजूनही पटलेली नाही आणि ती मी त्यांना तोंडावर सांगितली आहे.

कॉलनीतल्या मैदानावर मांडव होता. मिनल पाटावर बसली, बायांनी हळदीची परात पुढं ओढली, आणि डीजेवाल्यानं गाणं लावलं. पहिल्या ओळीला गोपिकाबाईंनी मान वर केली. दुसऱ्या ओळीला त्यांचा हात परातीतच थांबला. ती ओळ कुठून आली असेल हे त्यांना त्या क्षणी कळलं. नावं सुरू झाली तसे लोक खूश. ज्याचं नाव येई तो हात वर करी, बाकीचे ओरडत. मग पहिलं कडवं संपलं, माझ्याच आवाजानं विचारलं, 'पाहते, आलं कोण?' आणि नुसती ढोलकी वाजली. लोकांना वाटलं, वाजवायची जागा असेल. दुसऱ्या कडव्याला मात्र कुजबुज झाली. मागून एक म्हातारी म्हणाली, "मामाचं नाव नाही आलं वं." गोपिकाबाईंनी आमच्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. जागेश्वरभाऊ मात्र त्यांच्याकडे नाही, मांडवाच्या कमानीकडे बघत होते.

तिसरं कडवं चालू असताना कमानीत रुपराव दिसले. शर्टाच्या खिशाला तीच दोन पेनं, बहुतेक काट्यावरून उठून तसेच आले असावेत. एक पाय आत, एक बाहेर. 'पाहते, आलं कोण?' आणि जागा आली. रुपरावांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. आठ मात्रा किती असतात? श्वास घेऊन सोडला की संपतात. जागा संपली, वरून कोरस धो धो आला, आणि रुपरावांनी तोंड मिटून पाय मागं घेतला.

मी आयुष्यात कधी त्या माणसाला स्वतःचं गाणं मध्ये तोडताना पाहिलेलं नाही. एखाद्यानं शेवटची ओळ वाजायच्या आधी कॅसेट बंद केली तर ते आठ दिवस त्याच्याशी बोलायचे नाहीत. ते जागेश्वरभाऊ गुडघेदुखी विसरून धावले आणि त्यांनी डीजेची वायर उपटली. मांडव एकदम गप्प. मग ते तिथंच जमिनीवर बसले, बाजूला पडलेली एक रिकामी परात पालथी घातली आणि तिच्यावर केरवा धरला. फक्त केरवा. आठ मात्रा झाल्या, पुन्हा आठ, पुन्हा आठ. हळूहळू बायांनी टाळ्यांनी ठेका धरला. मी धरला, मिनलनं हळदीच्या हातांनी धरला. ते कोणाकडे बघत नव्हते, घाई करत नव्हते. जी जागा त्यांनी एका आवर्तनाची मोजून ठेवली होती, ती आता त्या माणसाला लागेल तेवढी मोठी करून देत होते. माझ्या मनात आलं, एवढा मोठा संगीतकार माझ्या गल्लीत राहतो आणि मी अठ्ठावीस वर्षं त्याला ठेका कसा धरावा ते शिकवून राहिले.

किती आवर्तनं गेली ते मी मोजलं नाही. मग कमानीतून आईच्या त्याच चालीत, फाटलेल्या आवाजात आलं, "गोपे, मी आलो वं."

गोपिकाबाई उठल्या. कोपरापर्यंत पिवळे झालेले हात तसेच पुढं धरून त्या चालत गेल्या आणि भावासमोर उभ्या राहिल्या.

"मंग अंदर ये ना," त्या म्हणाल्या. "दारात काहून उभा हायेस?"